फुफ्फुसाची इजा, दाह आणि श्वासाचं मेकॅनिक्स: सारखे विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला दोन प्रकारचे लोक विचारतात. एक म्हणजे ज्यांचं घरचं माणूस आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे ते, आणि दुसरे म्हणजे या विषयात नव्याने आलेले विद्यार्थी. उत्तरं दोघांसाठी एकत्रच लिहिलीयत, कारण मुळात प्रश्न एकच आहे: जे फुफ्फुस आधीच सुजलंय त्यात हवा भरायची कशी की त्याला आणखी इजा होणार नाही.

फुफ्फुसाची इजा म्हणजे छातीला मार लागणं का?

मार लागून पण होते, पण बहुतेक वेळा बाहेरून काहीच दिसत नाही. आपल्या फुफ्फुसात साधारण ४८ कोटी वायुकोश असतात, म्हणजे अगदी बारीक हवेचे फुगे, आणि प्रत्येकाच्या भिंतीला रक्ताच्या केशवाहिन्या चिकटलेल्या असतात. हवा आणि रक्त यांच्यातला पडदा एक मायक्रॉनपेक्षाही पातळ आहे, म्हणून तर ऑक्सिजन इतक्या पटकन पलीकडे जातो. हा पडदा गळायला लागला की रक्तातलं पाणी आणि प्रोटीन वायुकोशात उतरतं, जिथे हवा पाहिजे तिथे पाणी साचतं, आणि मग बाहेरून कितीही ऑक्सिजन दिला तरी तो रक्तापर्यंत पोचत नाही.

कारणं दोन बाजूंनी येतात. हवेच्या बाजूने न्यूमोनिया, पोटातलं आम्ल श्वासनलिकेत जाणं, बुडणं, धूर. रक्ताच्या बाजूने सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अख्ख्या शरीरात उसळलेली बेफाम प्रतिक्रिया), पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज), मोठा अपघात, भरपूर रक्त चढवावं लागणं. म्हणजे इन्फेक्शन पोटात असतं आणि फुफ्फुस बंद पडतं, आणि नातेवाईकांना हेच सगळ्यात जास्त कोड्यात टाकतं. त्याचं उत्तर सोपं आहे, हृदयातून निघणारं जवळपास सगळं रक्त प्रत्येक फेरीत फुफ्फुसातून जातं, त्यामुळे रक्तात जे काही पेटलंय त्याची झळ फुफ्फुसाला लागतेच.

एआरडीएस म्हणतात ते हेच का?

हो, एआरडीएस म्हणजे अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम, या इजेचं गंभीर रूप. १९६७ साली ॲशबॉ, बिगेलो, पेटी आणि लेव्हाइन यांनी १२ पेशंटचं वर्णन छापलं, त्यातले ७ गेले. आजार सगळ्यांचे वेगवेगळे होते, कुणाला अपघात, कुणाला इन्फेक्शन, कुणाला पॅन्क्रियाटायटिस, पण चित्र एकच: अचानक दम लागणं, ऑक्सिजन देऊनही न सुधारणारा निळेपणा, कडक झालेलं फुफ्फुस, आणि एक्स-रेमध्ये दोन्हीकडे पांढरं.

आता २०१२ ची बर्लिन व्याख्या वापरतात. मूळ कारण घडल्यापासून एका आठवड्याच्या आत त्रास सुरू झालेला पाहिजे, दोन्ही फुफ्फुसांत डाग पाहिजेत, नुसतं हृदय कमजोर असल्यामुळे किंवा सलाईन जास्त झाल्यामुळे पाणी झालेलं नको, आणि ऑक्सिजनचा रेशो ३०० किंवा त्याखाली पाहिजे. हा रेशो म्हणजे धमनीच्या रक्तातला ऑक्सिजनचा दाब भागिले आपण देतोय त्या हवेतला ऑक्सिजनचा वाटा. निरोगी माणसात ९५ भागिले ०.२१, म्हणजे ४५० च्या आसपास. पेशंटला ६० टक्के ऑक्सिजन देऊनही रक्तात दाब ६० च मिळत असेल तर ६० भागिले ०.६, म्हणजे १००, आणि तिथून खाली गंभीर समजतात. म्हणून मॉनिटरवर सॅच्युरेशनचा नुसता ९६ किंवा ९८ बघून हायसं वाटून घेऊ नका, तो आकडा किती ऑक्सिजनच्या जोरावर टिकलाय ते आधी विचारा.

हा आजार इतका कॉमन आहे का?

२०१६ मध्ये ५० देशांतल्या ४५९ आयसीयूंचा एक मोठा अभ्यास आला. आयसीयूत भरती झालेल्यांपैकी साधारण १० टक्के लोकांना एआरडीएस निघाला आणि हॉस्पिटलमध्ये त्यातले जवळपास ४० टक्के गेले. त्याहून मला लागलेली गोष्ट म्हणजे बऱ्याच पेशंटमध्ये डॉक्टरांनी तो ओळखलेलाच नव्हता, सौम्य प्रकारात तर निम्म्याच्या आसपासच ओळखला गेला. जो आजार ओळखलाच नाही त्यासाठी मशीनचं सेटिंग कोण बदलणार?

दाह म्हणजे सूजच ना? मग ती वाईटच?

नाही, मुळात ती संरक्षणासाठीच आहे. वायुकोशात मॅक्रोफेज नावाच्या पेशी पहाऱ्याला बसलेल्या असतात, जंतू किंवा आम्ल दिसलं की त्या टीएनएफ, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ असले सिग्नल सोडतात आणि रक्तातले न्यूट्रोफिल, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, धावत येतात. फुफ्फुसातल्या पुष्कळ केशवाहिन्या न्यूट्रोफिलपेक्षाही अरुंद असतात, त्याला एरवीसुद्धा अंग चोरून लांबट होऊन तिथून सरकावं लागतं. दाहाचा सिग्नल मिळाला की तो ताठरतो, मग वळता येत नाही, तिथेच अडकतो. अडकल्यावर तो एन्झाईम सोडतो, ऑक्सिडंट सोडतो, आणि वेळ पडली तर स्वतःच्या डीएनएचं जाळं बाहेर टाकतो. २००४ साली हे जाळं पहिल्यांदा दाखवलं गेलं, जंतू त्यात सापडतात हे खरं, पण शेजारची भिंतही भाजते.

तरी सगळा दोष न्यूट्रोफिलच्या माथी मारू नका. केमोमुळे ज्यांच्या अंगात न्यूट्रोफिल जवळजवळ उरलेच नाहीत त्यांनाही एआरडीएस होतो. म्हणजे वाट एक नाही, अनेक आहेत.

मग दाह दाबणारं औषध द्यायचं की, इतकं सोपं का नाही?

कारण औषध कुणाला, कधी आणि किती यावर सगळं उलटसुलट होतं. १९८७ साली स्टेरॉइडचे भारी डोस देऊन पाहिले, फायदा नाही. २००६ च्या ट्रायलमध्ये आजार सुरू होऊन १४ दिवस उलटल्यावर ज्यांना स्टेरॉइड सुरू केलं त्यांच्यात मृत्यू वाढले. आणि मग २०२० साली कोविडमध्ये रिकव्हरी ट्रायल आली, रोज फक्त ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, जास्तीत जास्त १० दिवस, आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांना थोडा फायदा झाला. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना काही फायदा नाही, आकडा झुकला तर उलट्या बाजूनेच झुकला. औषध तेच, आजार तोच, फक्त पेशंट कुठल्या टप्प्यावर आहे ते वेगळं.

२०१४ मध्ये कॅलफी आणि सहकाऱ्यांनी जुन्या ट्रायलचा डेटा परत उघडला आणि दाखवलं की एआरडीएसमध्ये निदान दोन गट आहेत. एकात दाह प्रचंड, इंटरल्यूकिन वाढलेलं, रक्तदाब पडलेला, ॲसिडोसिस म्हणजे रक्तात आम्ल वाढलेलं, आणि दुसऱ्यात हे सगळं बरंच कमी. पहिल्या गटात मृत्यू खूप जास्त. पुढे सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधाची एक ट्रायल, जी एकूणात फेल गेली होती, ती याच चष्म्यातून परत पाहिली तर जास्त दाहाच्या गटात फायदा दिसला. हे मागे वळून केलेलं विश्लेषण आहे, त्यावरून लगेच औषध लिहून द्यायचं नसतं. पण इतकी वर्षं आपण दोन वेगळे आजार एकाच पोत्यात भरून औषधं नापास करत आलो की काय, ही शंका माझ्या मनातून जात नाही.

रेस्पिरेटरी मेकॅनिक्स म्हणजे नक्की काय मोजता?

तीनच गोष्टी: दाब, हवेचं माप आणि हवेचा वेग. बाकी सगळं त्यातून काढतात. एक सेंटीमीटर पाण्याइतका दाब वाढवला तर किती मिलिलिटर हवा आत जाते, ती लवचिकता, म्हणजे कॉम्प्लायन्स. निरोगी मोठ्या माणसात फुफ्फुस आणि छातीची भिंत मिळून ती साधारण १०० असते, म्हणजे ५०० मिलिलिटरचा नेहमीचा श्वास ५ सेंटीमीटर दाबात होतो. एआरडीएसमध्ये ती २५ झाली की त्याच ५०० ला २० लागतात. दुसरं म्हणजे रेझिस्टन्स, नळ्यांमधून हवा ढकलताना होणारा अडथळा. दमा आणि सीओपीडीत (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) त्रास मुख्यतः याचा, एआरडीएसमध्ये मुख्यतः लवचिकतेचा.

मॉनिटरवर पीक आणि प्लॅटो असे दोन दाब दिसतात, फरक काय?

हे एकदा पलंगाशेजारी उभं राहून बघितलं की जन्मभर विसरत नाही. पेशंट पूर्ण गुंगीत आहे, स्वतःचा श्वास घेत नाहीये, मशीन हवा ढकलतंय, स्क्रीनवरची रेघ चढत चढत ३४ ला पोचते. श्वास आत गेला रे गेला की होल्डचं बटण दाबून धरायचं. हवा आत अडकलेली, ना आत जातेय ना बाहेर, वेगाची रेघ सपाट शून्यावर. आणि दाबाची रेघ टोकावरून एकदम घसरते, मग हळूहळू बसत जाते आणि २४ ला थांबते. बटण सोडलं की उच्छ्वास सुटतो.

ते ३४ म्हणजे पीक आणि २४ म्हणजे प्लॅटो. मधले १० गेले कुठे? नळ्यांमधून हवा ढकलण्यात गेले, वायुकोशापर्यंत ते पोचलेच नव्हते. म्हणून पीक अचानक वाढला आणि प्लॅटो जागच्या जागी राहिला तर नळी वाकलीय का, कफ अडकलाय का, श्वासनलिका आवळल्यात का ते बघायचं. दोन्ही एकत्र वाढले तर मामला फुफ्फुसाचा किंवा छातीचा आहे, पाणी वाढलं, एक बाजू बंद पडली, फुफ्फुस फुटून हवा छातीत आली, असलं काहीतरी. दोन सेकंदांचं बटण आहे, पैसा लागत नाही, आणि तरी ते पुरेसं दाबलं जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एआरडीएसमध्ये फुफ्फुस कडक होतं असं सगळीकडे लिहिलंय, बरोबर आहे ना?

अर्धंच बरोबर. १९८० च्या दशकात गॅटिनोनी आणि त्यांच्या टीमने या पेशंटचे सीटी स्कॅन काढले तेव्हा दिसलं की फुफ्फुस सगळीकडे सारखं बिघडलेलं नाहीच. पाठीवर झोपलेल्या पेशंटच्या पाठीकडचा भाग पाण्याने आणि वजनाने दबून बंद, मधला अर्धवट, आणि छातीकडचा भाग बऱ्यापैकी चांगला. आणि तो जो चांगला भाग उरलाय त्याची लवचिकता जवळपास नॉर्मल. म्हणजे फुफ्फुस कडक झालेलं नाही, लहान झालंय. गंभीर पेशंटमध्ये हवा घेणारा भाग पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुफ्फुसाएवढाच उरतो, म्हणून त्याला बेबी लंग म्हणतात.

आता विचार करा, समोर सहा फुटी माणूस झोपलाय, आपण त्याच्या शरीराकडे बघून ७०० मिलिलिटर हवा भरतोय, आणि ती जातेय एका लहान मुलाच्या फुफ्फुसात. माझ्या मते या अख्ख्या विषयात यापेक्षा महत्त्वाचं काही नाही, कारण पुढचं सगळं यातूनच निघतं.

सर्फॅक्टंट काय भानगड आहे?

१९२९ मध्ये फॉन नीरगार्ड यांनी फुफ्फुस एकदा हवेने आणि एकदा द्रवाने भरून पाहिलं, आणि द्रवाने भरताना दाब बराच कमी लागला. का, तर द्रव भरला की हवा आणि पाण्याच्या सीमेवरचा पृष्ठताण उरतच नाही. म्हणजे फुफ्फुस आत ओढून घेणाऱ्या ताकदीचा मोठा वाटा त्या ओल्या पापुद्र्याचा आहे. हा ताण एरवी कमी ठेवतं ते सर्फॅक्टंट, वायुकोशातल्या टाइप-२ पेशी ते बनवतात. १९५९ मध्ये एव्हरी आणि मीड यांनी दाखवलं की कमी दिवसांच्या बाळांना श्वासाचा जो त्रास होतो तो याच्या कमतरतेमुळे, आणि १९८० मध्ये फुजिवारा यांनी बाळांच्या श्वासनलिकेत सर्फॅक्टंट सोडून ते सुधारतात हे दाखवलं.

मोठ्यांच्या एआरडीएसमध्ये मात्र बाहेरून दिलेल्या सर्फॅक्टंटने मृत्यू कमी झाले नाहीत. बाळात नुसती कमतरता असते, भरून काढली की काम झालं. मोठ्यांत वायुकोशात रक्तातली प्रोटीनं गळत असतात, ती आलेलं सर्फॅक्टंटही निकामी करतात, शिवाय औषध चांगल्या भागात जातं आणि बंद भागात पोचतच नाही.

व्हेंटिलेटरमुळेच फुफ्फुसाला इजा होते हे खरं का? मग लावायचाच कशाला?

खरं आहे, आणि तरी लावायचाच. १९५२ च्या कोपनहेगनच्या पोलिओ साथीत श्वास बंद पडलेल्या पेशंटपैकी बहुतेक जण मरत होते, मग इबसेन यांच्या सांगण्यावरून गळ्यात नळी घालून मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रात्रंदिवस हाताने पिशवी दाबली आणि मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. हवा ढकलून माणूस जगवता येतो हे तिथे पक्कं झालं. प्रश्न उरला तो किती आणि कशी ढकलायची याचा.

१९७४ मध्ये वेब आणि टियर्नी यांनी उंदरांच्या निरोगी फुफ्फुसात ४५ सेंटीमीटर दाबाने हवा भरली, उच्छ्वासाच्या शेवटी दाब पूर्ण शून्यावर सोडला, तासाभराच्या आत फुफ्फुसात पाणी भरलं. तेवढ्याच ४५ दाबाला, पण उच्छ्वासाच्या शेवटी १० दाब राखून ठेवला तर इजा कितीतरी कमी. मग १९८८ मध्ये ड्रेफस यांच्या टीमने उंदरांवर जे केलं ते मला आजही या क्षेत्रातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. एका गटात दाब जास्त पण छाती पट्ट्याने आवळलेली, म्हणजे फुफ्फुस फुगूच शकत नाही. दुसऱ्या गटात आतून दाब नाहीच, बाहेरून निगेटिव्ह प्रेशरने छाती ओढून फुफ्फुस भरपूर फुगवलं. पहिल्या गटाला पाणी झालं नाही, दुसऱ्याला झालं. म्हणजे दोषी दाब नाही, ताणणं आहे. ट्रम्पेट वाजवणाऱ्याच्या श्वासनलिकेत वाजवताना १०० च्या वरही दाब जातो, फुफ्फुस फुटत नाही, कारण बाहेरून छातीचे स्नायूही तेवढ्याच जोराने आवळून धरतात. फुफ्फुसाला कळतो तो फक्त आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक.

आणि तो ताण सगळीकडे सारखा नसतो. मीड आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये हिशोब मांडला की उघड्या भागाच्या शेजारी एक भाग बंद असेल तर ३० सेंटीमीटर दाबाला त्या सीमेवर १४० इतका ताण येऊ शकतो. कापडाला एक गाठ मारून ते चहूबाजूंनी ओढा, गाठीभोवतीच्या चुण्या बघा, तसंच.

यात दाह कुठून आला? ही तर नुसती ओढाताण झाली.

पेशीला ओढाताण कळते आणि ती त्यावर रसायनांनी उत्तर देते. १९९७ मध्ये ट्रेम्बले आणि सहकाऱ्यांनी उंदरांची फुफ्फुसं शरीराबाहेर काढून वेगवेगळ्या सेटिंगला चालवली. मोठा श्वास आणि उच्छ्वासाच्या शेवटी शून्य दाब, या जोडीत दाहाचे सिग्नल सगळ्यात जास्त निघाले. या प्रकाराला बायोट्रॉमा म्हणतात. पेशीला ताण कसा कळतो याचा एक धागा म्हणजे २०१० मध्ये सापडलेले पीझो नावाचे चॅनल, पेशीचा पडदा ताणला की ते उघडतात आणि कॅल्शियम आत येतं, या कामाबद्दल पॅटापूटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांच्या पेशींमध्येही पीझो-१ आहे.

आणि भिंत गळत असल्यामुळे हे सिग्नल फुफ्फुसात थांबत नाहीत, रक्तात उतरतात. एआरडीएसमध्ये पुष्कळ लोक ऑक्सिजन कमी पडून जात नाहीत, किडनी, लिव्हर, रक्ताभिसरण असे एकेक अवयव बंद पडत जातात, त्याचा एक दुवा इथे आहे.

६ मिलिलिटर प्रति किलो हे कुठून आलं?

२००० साली आलेल्या ट्रायलमधून. ८६१ पेशंट, एका गटाला १२ मिलिलिटर प्रति किलो, दुसऱ्याला ६, आणि प्लॅटो ३० च्या आत. मृत्यू ३९.८ टक्के विरुद्ध ३१ टक्के. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, फक्त श्वास लहान केला.

आता यातली एक गोष्ट नीट वाचा. पहिल्या काही दिवसांत ऑक्सिजनचा रेशो १२ वाल्या गटात चांगला होता! म्हणजे पलंगाशेजारी उभं राहून बघणाऱ्याला मोठा श्वासच बरा वाटणार, आकडे सुधारताना दिसणार, आणि जास्त माणसं मरणार त्याच गटात. लहान श्वासाच्या गटात रक्तातलं इंटरल्यूकिन-६ जास्त उतरलं. ऑक्सिजनचा आकडा आणि फुफ्फुसाची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला या एका ट्रायलने शिकवलं.

किलो म्हणजे पेशंटचं वजनच ना?

नाही! इथेच चूक होते. वजन उंचीवरून काढायचं, कारण माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही. पुरुषांसाठी ५० अधिक ०.९१ गुणिले (उंची वजा १५२.४), बाईसाठी ५० च्या जागी ४५.५, उंची सेंटीमीटरमध्ये. १७० सेंटीमीटर उंच पुरुष, हिशोबाचं वजन ६६ किलो, श्वास साधारण ३९५ मिलिलिटर. तोच माणूस काट्यावर ९५ किलो भरला आणि कुणी ते वजन धरलं तर ५७० होतो. आणि बुटक्या बायकांमध्ये तर नुसत्या अंदाजाने हमखास जास्त दिलं जातं, १५५ सेंटीमीटरला फक्त २८७ मिलिलिटर येतात, हा आकडा डोळ्यांना फार लहान वाटतो, म्हणून कुणीतरी तो वाढवतं. टेप घेऊन उंची मोजा, अंदाज करू नका.

ड्रायव्हिंग प्रेशर म्हणजे?

प्लॅटो वजा पीप, पीप म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटी राखलेला दाब. प्लॅटो २४, पीप १०, तर ड्रायव्हिंग प्रेशर १४. गणित बघितलं तर हे श्वासाचं माप भागिले लवचिकता, आणि लवचिकता म्हणजे बेबी लंगचा आकार, म्हणजे उंचीवरून नाही तर उरलेल्या फुफ्फुसावरून श्वास मापला जातो. २०१५ मध्ये अमाटो यांनी ९ ट्रायलमधल्या ३५६२ पेशंटचा डेटा एकत्र करून दाखवलं की मृत्यूशी सगळ्यात घट्ट नातं याच आकड्याचं आहे. साधारण १५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करतात. अर्थात हे नातं आहे, तो आकडा खाली आणला की माणूस वाचतोच असं सिद्ध झालेलं नाही.

पीप वाढवून बंद भाग उघडून टाकला तर?

उघडण्यासारखं असेल तर फायदा, नसेल तर चांगलाच भाग जास्त ताणला जातो आणि हृदयाकडे येणारं रक्त पण कमी होतं. २०१७ च्या ट्रायलमध्ये १०१० पेशंटपैकी एका गटात जोर लावून फुफ्फुस उघडायचा प्रयत्न केला, २८ दिवसांतले मृत्यू ५५.३ टक्के झाले, दुसऱ्या गटात ४९.३. तेव्हा सरसकट नको.

पालथं झोपवल्याने काय होतं?

पाठीवर झोपलं की हृदय आणि सुजलेल्या फुफ्फुसाचं वजन पाठीकडच्या भागावर पडतं, आणि फुफ्फुसाचा जास्त भाग पाठीकडेच असतो. पालथं केलं की तो मोकळा होतो, रक्त तिकडे आधीपासून जातच असतं, आता हवाही जायला लागते. आणि माझ्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट, ताण जास्त सारखा वाटला जातो, त्या गाठी कमी होतात. २०१३ च्या प्रोसेव्हा ट्रायलमध्ये ४६६ गंभीर पेशंट होते, एका वेळेला निदान १६ तास पालथं, २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ वर. २००१ च्या एका ट्रायलमध्ये रोज साधारण ७ तासच केलं होतं आणि फायदा दिसला नव्हता. म्हणून नातेवाईकांना सांगते, इतका वेळ पालथं बघून घाबरू नका, तोंड सुजतं, बघवत नाही, पण तास कमी करा म्हणून आग्रह धरू नका.

स्वतःच्या श्वासाने पण इजा होते म्हणतात, हे पटत नाही.

मलाही आधी पटलं नव्हतं. १९८८ मध्ये मास्केरोनी आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांमध्ये मेंदूजवळच्या द्रवात सॅलिसिलेट सोडून त्यांना जोरजोरात श्वास घ्यायला लावलं, फुफ्फुस निरोगी होतं, तरी ते बिघडलं. ज्यांना व्हेंटिलेटरने तेवढा जोर करू दिला नाही त्या मेंढ्या ठीक राहिल्या. म्हणून मास्कवरचा पेशंट मानेचे स्नायू ओढून ओढून श्वास घेत असेल तर सॅच्युरेशन चांगलं दिसतंय म्हणून थांबून राहणं नेहमी बरोबर नसतं. किती वेळ थांबायचं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. जोर मोजायचा तर अन्ननलिकेत बारीक फुगा घालून दाब बघतात.

उंदरात जमलेली औषधं माणसात का फेल जातात?

उंदीर तरुण, निरोगी, एकाच वंशाचे, आणि इजेची वेळ आपल्याला मिनिटापर्यंत माहीत. माणूस येतो तो साठीचा, डायबिटीस असलेला, आजारी पडून चार दिवस झालेला. लहान उंदराचा श्वास साधारण ०.२ मिलिलिटर, मिनिटाला दोनशेच्या आसपास. माणसात न्यूट्रोफिलला बोलावणारं इंटरल्यूकिन-८ त्याच्यात नाहीच, दुसरे रेणू ते काम करतात. शिवाय मॉडेल कुठलं हेही बघा: जंतूंचं एंडोटॉक्सिन दिलं तर दाह जास्त, सलाईनने फुफ्फुस धुतलं तर सर्फॅक्टंट जातं पण दाह सुरुवातीला कमी, ब्लिओमायसिन हे औषध दिलं तर पुढे फायब्रोसिस, म्हणजे फुफ्फुसात व्रण. एका मॉडेलवरचा निकाल म्हणजे आजारावरचा निकाल नाही. आता फुफ्फुसाचे जिवंत काप आणि २०१० पासून चिपवरचं फुफ्फुस, जिथे पेशींचा पडदा श्वासासारखा ताणता येतो, हेही वापरतात, पण अख्ख्या फुफ्फुसाची असमानता त्यात येत नाही.

लॅबमध्ये कॉम्प्लायन्स मोजताना आकडे जुळत नाहीत, काय बघू?

आधी गळती. माझे सुरुवातीचे तीन आठवडे एका ढिल्या जोडात गेले, फुफ्फुस दिवसेंदिवस लवचिक होतंय असं वाटत होतं आणि प्रत्यक्षात हवा बाहेर चालली होती. मग आधी काय केलं ते बघा, कारण फुफ्फुस आधीचा श्वास लक्षात ठेवतं. भरताना एका दाबाला जेवढी हवा मावते त्यापेक्षा रिकामं करताना त्याच दाबाला जास्त राहते. म्हणून प्रत्येक मोजमापाआधी सारखेच दोन-तीन मोठे श्वास देऊन मगच सुरू करा.

आणि एकदा तरी पूर्ण हवा काढलेलं फुफ्फुस स्वतः भरून बघा. दाब ५, काही नाही. १०, काही नाही, लिव्हरच्या तुकड्यासारखं गडद लाल. मग वीसच्या आसपास एका कोपऱ्यात एक गुलाबी ठिपका उमटतो, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता एक पट्टाच्या पट्टा उघडतो, मध्ये मात्र एखादं बेट लालच राहतं. त्या बेटाची कड निरखून बघा, मीड यांचे १४० तिथेच आहेत.

वाचलेला माणूस पूर्ण बरा होतो का?

फुफ्फुस बहुतेकांचं बरंच सुधारतं. हेरिज यांच्या टीमने १०९ वाचलेल्या लोकांचा पाठपुरावा केला. एका वर्षाने फुफ्फुसाची मापं जवळपास नॉर्मलला आली होती, पण सहा मिनिटांत चालता येणारं अंतर साधारण ४२२ मीटर, म्हणजे त्या वयाच्या माणसाकडून अपेक्षित अंतराच्या दोन तृतीयांशच. पाच वर्षांनी ४३६ मीटर. अडचण मुख्यतः स्नायूंच्या कमजोरीची होती, शिवाय झोप, आठवण, नैराश्य. म्हणून घरी आलेला माणूस जिना चढताना थांबला तर "रिपोर्ट तर नॉर्मल आहे" असं त्याला म्हणू नका. रिपोर्ट फुफ्फुसाचा आहे, थकलेत ते पाय. फिजिओथेरपी आयसीयूतच सुरू होऊ शकते का ते डॉक्टरांना विचारा, आणि घरी आल्यावर दर महिन्याला सहा मिनिटं घड्याळ लावून किती चाललात ते वहीत लिहून ठेवा, पुढच्या तपासणीला ती वही सोबत न्या.